बोटभर कमी पडलेला कागद

चोर व्हायला मला एकोणीस वर्षं लागली. एवढी वर्षं मी त्या चार मजली दुकानाच्या तळमजल्यावर, सरकत्या जिन्याच्या पोटाखाली उभी राहून लोकांच्या भेटवस्तू कागदात बांधून देत होते आणि स्वतःला सरळमार्गी समजत होते. मग एका मंगळवारी संध्याकाळी गेटवर माझी पिशवी उलटी केली गेली आणि कळलं, की आपण चोर आहोत.

पिशवीतून काय निघालं तेही सांगते. जेवणाचा रिकामा डबा, छत्री, चष्म्याचं घर. आणि उशीच्या जुन्या अभ्र्यात भरलेले कागदाचे कपटे. रोलच्या कडेच्या पट्ट्या, तिरके कोपरे, वीतभर रिबिनी, रोल संपताना नळीला चिकटून उरणारा हातभर तुकडा. हे सगळं रोज संध्याकाळी सात वाजता झाडूवाली काळ्या पिशवीत भरते आणि मागच्या दाराने नेऊन टाकते. कचऱ्याच्या गाडीत गेलं तर तो कचरा, आणि माझ्या पिशवीत गेलं तर दुकानाचा माल!

"हे काय आहे?" मॅनेजर साहेबांनी विचारलं. वरच्या ऑफिसातून, म्हणजे मुख्य कचेरीतून, पिशव्या नीट तपासायचं पत्र आलं होतं, म्हणून ते त्या दिवशी मुद्दाम गेटवर येऊन उभे होते. माझ्याहून वीस वर्षांनी लहान माणूस. त्याच्या शर्टाची इस्त्री संध्याकाळीसुद्धा मोडलेली नसते.

प्रश्न मला नव्हता, वॉचमनला होता. अकरा वर्षं गेटवर तेच आहेत. त्यांच्या मिशा आमच्या डोळ्यांदेखत पांढऱ्या झाल्या. मी त्यांना दादा म्हणते, ते मला ताई म्हणतात. अभ्रा त्यांच्या हातात होता आणि त्यात काय आहे, कशासाठी आहे, हे त्या अख्ख्या इमारतीत माझ्याखालोखाल कुणाला माहीत असेल तर त्यांनाच.

कारण दोन वर्षांपूर्वी त्यांनी मुलीच्या वाढदिवसाला रंगाची पेटी घेतली होती, आमच्याच दुकानातून, सगळ्यात स्वस्त. ती हातात धरून ते माझ्या काउंटरपासून लांब उभे राहिले आणि दरांचा बोर्ड वाचायला लागले. आमचा नियम असा, की मोठी खरेदी केली तर बांधणी फुकट आणि छोटी केली तर तिचे वेगळे पैसे. म्हणजे ज्याला परवडतं त्याला फुकट, आणि ज्याला परवडत नाही त्याने मोजायचे. एकोणीस वर्षं तो बोर्ड बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जात आलीये. बांधणीचे पैसे पेटीच्या निम्मे होत होते. दादांनी बोर्ड पूर्ण वाचला आणि ते वळले. मीच हाक मारली. तीन निळे तुकडे काढले, एक गडद, दोन फिके. एकाची कड दुसऱ्याच्या चुणीखाली लपवली. कागद जोडलेला आहे असं सांगूनसुद्धा कुणाला पटलं नसतं. दादा पेटी दोन्ही हातांत धरून घेऊन गेले.

आणि आता तेच दादा अभ्र्यात हात घालून म्हणाले, "कागद आहे, साहेब."

एवढंच. मी वाट बघत होते. त्या 'साहेब'नंतर आणखी एक वाक्य यायला हवं होतं. टाकाऊ आहे, साहेब. रोज फेकतात तोच आहे, साहेब. मलाही त्यातलाच बांधून दिला होता, साहेब. काहीच आलं नाही. दादांनी वहीत माझ्या नावापुढे लिहिलं, 'दुकानाचे साहित्य आढळले'. अक्षर सुंदर आहे मेल्याचं.

माझ्या पाठीमागे बाहेर पडणाऱ्या बायकांची रांग होती. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी आपापल्या पिशवीच्या चेनी नीट केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक छापील पत्र होतं.

"बसा. वाचा. आणि खाली सही करा."

मी उभ्यानेच वाचलं. 'मी कबूल करते की, दुकानाच्या मालकीचे साहित्य मी वेळोवेळी परवानगीशिवाय दुकानाबाहेर नेले. याबद्दल मी दिलगीर आहे. पुन्हा असे घडणार नाही.' खाली सहीसाठी रिकामी रेघ.

"ही चोरीची कबुली आहे," मी म्हणाले.

"चोरी हा शब्द कुठे आहे त्यात? दाखवा."

"शब्द नाही. अर्थ आहे."

"हे बघा बाई, मला तुमच्याशी वाद घालायचा नाही. वरच्यांना फायलीत एक कागद हवाय. तुम्ही सही केलीत की विषय संपला. नाही केलीत तर मला तुम्हाला घरी बसवावं लागेल, आणि मग कारण म्हणून जे लिहिलं जाईल त्यात तो शब्द असेल."

"मी नेलं, हे खरं आहे," मी म्हणाले. "सगळंच काही गिऱ्हाइकांना बांधून दिलं नाही मी. माझ्या नणंदेच्या मुलीची, भावजयीची, घरातली सगळी वाढदिवसांची बांधणी त्यातून झालीये. मी नाही म्हणतच नाही. पण कुठून नेलं ते लिहा ना. 'कचऱ्याच्या डब्यातून' एवढे दोन शब्द घाला. 'साहित्य मी कचऱ्याच्या डब्यातून नेले.' आत्ता सही करते."

साहेब हसले. "मग त्यात गुन्हा काय उरला?"

"तेच तर मी विचारतेय."

त्यांचं हसू गेलं. "नमुना वरून आलाय. एक अक्षर बदलता येणार नाही. शनिवारी सकाळपर्यंत वेळ आहे. आणि हो, शनिवारी पहिल्या मजल्यावर कार्यक्रम आहे. त्यात तुम्ही लागाल."

"कसला कार्यक्रम?"

"भेटवस्तू बांधायचा. कमी खर्चात, कचरा न करता." हे सांगताना त्या माणसाची पापणीसुद्धा लवली नाही!

माझं डोकं एवढं सणकलं, की मी ते पत्र घडी करून एप्रनच्या खिशात घातलं आणि न बोलता बाहेर आले. बोलले असते तर घडी मोडली असती.

घडी मोडायची नाही, हे मी वडिलांकडून शिकले. त्यांचं किराणा सामानाचं एवढंसं दुकान होतं. रद्दीच्या कागदाची पुडी बांधायचे, दोरा नाही, खळ नाही. शेवटचं टोक असं आत खोचायचे की पुडी उपडी केली तरी दाणा सांडू नये, आणि घरी गेल्यावर बाईने ती सोडली की कागद जसाच्या तसा तिच्या हातात. मी लहानपणी म्हणायचे, कागद पुरत नाही. ते म्हणायचे, "कागद पुरतो. तू तो सरळ ठेवतेस म्हणून कमी पडतो. तिरका ठेव." खोकं कागदावर तिरकं ठेवलं, कागदाच्या टोकांकडे खोक्याचे कोपरे नाही तर बाजू केल्या, की बोटभर कमी पडणारा कागद चारी बाजूंनी येऊन मध्यावर भेटतो. माझ्या एकोणीस वर्षांच्या नोकरीचं सगळं शहाणपण एवढंच आहे. दुसऱ्या पाळीतल्या मुली जेवढ्या कागदात दोन खोकी बांधतात, तेवढ्यात मी तीन बांधते, आणि चिकटपट्टीचा तुकडा लावत नाही. साहेब माझ्या पाठीमागे मला 'पुडीवाली' म्हणतात. म्हणोत. त्यात काही खोटं नाही.

घरी मी भांडी आपटली. आमचे हे वायरमन. दिवसभर कुणाच्या तरी भिंतीत हात घालून आलेले असतात, त्यांना संध्याकाळी शांतता लागते. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"शुद्धलेखन बरोबर आहे," ते म्हणाले.

"मी इथे जळतेय आणि तुम्हाला विनोद सुचतात!"

"बरं. मग सांग, सही केलीस तर काय होईल?"

"नोकरी राहील."

"नाही केलीस तर?"

"जाईल. चोर म्हणून जाईल."

"आणि केलीस तर चोर म्हणून राहील." त्यांनी पत्र मला परत दिलं. "माझ्याकडे दोन महिन्यांचं काम आहे. पुढचं माहीत नाही. तू ठरव. पण ती कढई सोड, तिने काही केलेलं नाही."

मला त्यांचाही राग आला. त्यांनी 'करू नकोस' म्हटलं असतं तर मी त्यांना सुनावलं असतं, 'कर' म्हटलं असतं तर आणखी सुनावलं असतं. तेवढीही सोय ठेवली नाही माणसाने.

गुरुवारी दुकानात शिरले तर दारातच पुरुषभर उंचीचा फलक. 'कचरा कमी, माया जास्त.' त्याच्याखाली नव्या कागदाचा ढीग. तपकिरी, मुद्दाम खरखरीत, जुनाट दिसावा म्हणून वर फिकट डाग छापलेले. मी एक ताव हातात घेतला. प्रत्येक ताव वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात होता! किंमत आमच्या नेहमीच्या कागदाच्या दुप्पट. कचरा कमी करायचा म्हणून आधी नवा कचरा छापून आणायचा, तो प्लास्टिकमध्ये घालायचा आणि वर लोकांकडून जास्त पैसे घ्यायचे. आणि चोर कोण, तर मी.

"सही करून टाक गं," शेजारच्या काउंटरवरची घड्याळवाली म्हणाली. चांगली आहे ती, आमचे डबे एकत्रच उघडतात. "कागदाला कागद लावायचा नि मोकळं व्हायचं. कोण वाचतंय ती फाइल?"

"मी वाचलीये ना."

"तुझं हे असंच. एवढ्या तेवढ्यावरून पेटतेस."

"एवढं तेवढं असतं तर त्यांनी दोन शब्द घातले असते."

ती घड्याळं पुसत राहिली.

दुपारी मला पहिल्या मजल्यावर बोलावलं. तिथे खुर्च्या मांडणं चाललं होतं आणि एक पंचविशीतली मुलगी केस वर बांधून इकडून तिकडे पळत होती. कार्यक्रम ती करणार होती, पैसे देऊन बाहेरून बोलावलेली. मुलगी वाईट नव्हती. तिने मला वाकून नमस्कारच करायचा बाकी ठेवला. "काकू, तुमच्या हाताबद्दल फार ऐकलंय. असं करू या, मी बोलेन, तुम्ही बांधाल. टेबलावर हा कॅमेरा लावलाय, तो फक्त हात दाखवणार. मागे मोठ्या पडद्यावर."

"आणि तोंड?"

ती गोंधळली. "नाही, म्हणजे लोकांना हातच बघायचे असतात ना."

मी म्हणाले ठीक आहे. मग तिने टेबलाखालून सामान काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "हे बघा, साहेबांनी दिलं. किती सुंदर तुकडे जमवलेत कुणीतरी, रंगांप्रमाणे वेगळे करून ठेवलेत!"

माझा अभ्रा. निळ्या फुलांचा, एका कोपऱ्याला माझ्या हातचं रफू. आत माझ्याच निळ्याच्या घड्या, लालच्या घड्या, रबर लावून ठेवलेल्या रिबिनी. मंगळवारी जो चोरीचा माल होता, तो शनिवारी कार्यक्रमाचं सामान होणार होता. त्याच कपट्यांनी साहेब कार्यक्रमाला येणाऱ्या वरच्या ऑफिसच्या बाईंपुढे मिरवणार होते, आणि त्याआधी, त्याच सकाळी, मी ते चोरल्याची कबुली द्यायची होती.

मी हात एप्रनच्या खिशात घातले. तिथे पत्र होतं. मी त्याच्या कडा बोटाने चाचपल्या. साधा छापखान्याचा ताव, जरा जाड. घडी चांगली बसेल असा. तेवढंच माझ्या मनात आलं आणि मग दोन दिवस दुसरं काही आलंच नाही.

शनिवारी सकाळी साहेब काउंटरवर आले. "सही?"

"कार्यक्रमानंतर देते."

"आधी म्हटलं होतं मी."

"आधी दिली तर माझे हात कापतील, साहेब. कार्यक्रमात दिसेल ते. मोठा पडदा आहे."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, वरच्या ऑफिसच्या बाई यायच्या होत्या. "झाल्या झाल्या द्यायची," ते म्हणाले आणि गेले. मी घड्याळवालीकडे एक रिकामी डबी मागितली. तिने माझ्याकडे बघितलं, कशाला ते विचारलं नाही, खालच्या खणातून एक चौकोनी काढून दिली. मी ती आडोशाला नेऊन भरली.

पहिल्या मजल्यावर साठेक माणसं होती. बायका जास्त, थोडे पुरुष, मागे काही पोरंटोरं. पहिल्या रांगेत वरच्या ऑफिसच्या बाई आणि त्यांच्या शेजारी साहेब, मांडीवर हात ठेवून. मुलगी बोलत होती आणि मी बांधत होते. आधी एक पुस्तक तीन रंगांच्या पट्ट्यांत. मग वर्तमानपत्रात एक बाटली, चुण्या घालून, गळ्याशी रिबिनीचा उरलेला तुकडा. मग फुटक्या बरणीचं झाकण घेऊन त्यावर कागदाचं फूल. लोक पडद्याकडे बघत होते. माझे हात त्यावर भिंतीएवढे दिसत होते, नखाजवळची चीर, अंगठ्यावरची जुनी कात्रीची खूण, सगळं.

"आणि आता शेवटची युक्ती!" मुलगी म्हणाली. "आपल्याकडे कागद असतो, पण नेमका बोटभर कमी पडतो. मग आपण तो टाकतो आणि नवा आणतो. हो की नाही? काकू, दाखवा."

तिने काढून ठेवलेला हिरवा कागद मी बाजूला सारला. खिशातून पत्र काढलं, घडी उलगडली, तळहाताने सपाट केलं आणि कॅमेऱ्याखाली ठेवलं. मजकुराची बाजू वर.

"आधी नीट बघून घ्या," मी म्हणाले. मला माईक नव्हता, पण किराणा दुकानातल्या मुलीचा आवाज आहे, पोचतो. "नवाकोरा कागद आहे. एका बाजूला थोडं छापलेलं आहे, हरकत नाही. ती बाजू बाहेर ठेवू या, सजावटीचा खर्च वाचतो."

पडद्यावर अक्षरं वीतवीतभर झाली. एक बाई ओठ हलवत वाचायला लागली, मग तिच्या शेजारची मोठ्याने. 'मी कबूल करते की, दुकानाच्या मालकीचे साहित्य मी वेळोवेळी...' साहेब अर्धे उठले. वरच्या ऑफिसच्या बाईंनी हात आडवा धरला. त्यांनाही वाचायचं होतं.

मी पत्र उपडं केलं, डबी त्यावर सरळ ठेवली आणि एक बाजू आणून दाखवली. "बघा. बोटभर कमी."

मग डबी तिरकी केली.

"हे कपटे कुणीतरी जमवलेत, असं या ताई परवा म्हणाल्या," मी पहिलं टोक आणता आणता म्हणाले. "मी जमवले. या दुकानाच्या कचऱ्याच्या डब्यातून, एकोणीस वर्षं. आज तुम्हाला जे सुंदर वाटतंय ते सगळं त्यातलंच. ज्यांना बांधणीचे पैसे परवडत नव्हते त्यांना मी यातून बांधून दिलं. घरीही वापरलं. आणि त्याबद्दल मी या कागदावर सही करायची आहे. मी एवढंच म्हटलं, की 'कचऱ्याच्या डब्यातून' हे दोन शब्द घाला. तर म्हणाले, बदलता येत नाही." दुसरं टोक. तिसरं. "शिकवायला मात्र मीच. हात माझे, तोंड नको."

हे शेवटचं मी त्या मुलीला बोलायला नको होतं. तिचा चेहरा पडला. पण रागाला नेम कुठे असतो, तो तोंडातून निघून गेला.

चौथ्या टोकावर सहीची रिकामी रेघ होती. ती मी आत खोचली आणि डबी उलटी केली. वरच्या गुळगुळीत बाजूवर, अगदी मधोमध, तिरक्या ओळीत आलं होतं, 'परवानगीशिवाय'. एवढी नेमकी घडी मला पुन्हा जमणार नाही.

मी टेबलामागून निघाले आणि डबी साहेबांच्या हातात दिली. "सही मागितली होतीत. आत बघा. चिकटपट्टी नाही, फाडावं लागणार नाही."

साहेबांनी डबी फिरवली. पुन्हा फिरवली. टोक कुठे खोचलंय ते त्यांना सापडेना. कान लाल झाले. साठ माणसं बघत होती आणि पडद्यावर रिकामं टेबल दिसत होतं. शेवटी त्यांनी कागदात नख घातलं आणि टरकन फाडला.

"अहो, फाडायचं नव्हतं ना!" मागून एक बाई कळवळून ओरडली.

डबीतून माझं ओळखपत्र आणि काउंटरच्या खणाची किल्ली निघाली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरंच झालं. वरच्या ऑफिसच्या बाई साहेबांच्या मांडीवरचे कागदाचे दोन तुकडे जुळवून पुन्हा वाचत होत्या. मी टेबलाकडे गेले, अभ्र्यातले उरलेले कपटे टेबलावर ओतले आणि अभ्रा झटकला. "हा माझा आहे, घरचा," मी त्या मुलीला म्हणाले. ती म्हणाली, "काकू, मला खरंच माहीत नव्हतं." मला माहीत होतं की तिला माहीत नव्हतं. पण तसं तिला सांगण्याइतकी मी त्या वेळी मोठी नव्हते. मी अभ्र्याची घडी केली आणि जिना उतरले.

घड्याळवाली काउंटर सोडून बाहेर आली होती. तिने माझा दंड घट्ट धरला आणि सोडला.

गेटवर दादा उभे होते. वरचं सगळं माझ्याआधी खाली पोचलं होतं, हे त्यांच्या तोंडावरून कळलं. मी पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"राहू द्या ताई," ते हळूच म्हणाले.

"का राहू द्या? नियम आहे. तपासा."

"ताई..."

"मंगळवारी तपासलीत ना? तेव्हा साहेब होते म्हणून? तपासा, आणि लिहा तुमच्या त्या सुंदर अक्षरात!"

बाहेर जाणारी दोन गिऱ्हाइकं थांबली. दादांनी चेन उघडली. डबा बाहेर काढला, छत्री, चष्म्याचं घर, रिकामा अभ्रा. सगळं ओळीत ठेवलं. मग त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि एक चौकोनी घडी काढली. निळी. एक गडद, दोन फिके. माझी चूण मला लांबूनही ओळखू येते. इस्त्री केलेला असावा, एकही सुरकुती नव्हती.

"पोरीने वहीत जपून ठेवला होता," ते म्हणाले. "आज मागून आणला. वर येऊन दाखवणार होतो सगळ्यांना. जिन्यापर्यंत आलोही होतो."

"मग?"

"धीर झाला नाही."

माझ्या तोंडाशी काय काय आलं! मंगळवारी एक वाक्य पुरलं असतं. एक. त्यासाठी जिनाही चढायचा नव्हता. पण ते खाली मान घालून उभे होते आणि पगार त्यांनाही त्याच खिडकीतून मिळतो, हे मला नको असताना आठवलं.

दादांनी तो निळा कागद माझ्या अभ्र्यात घातला. अभ्रा पिशवीत, वर चष्म्याचं घर, छत्री, डबा. चेन लावली. मग वही उघडली आणि माझ्या नावापुढे, पेन दाबून दाबून, लिहिलं, 'काही आढळले नाही'.

"तपासली, ताई," ते म्हणाले.

मी पिशवी उचलली. त्यांच्यावरचा राग मी बसस्टॉपपर्यंत कसाबसा नेला. तिथून पुढे तो पुरला नाही.